एका किकने हुकलेला संघ

खेळांवर लिहिते म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, "तुमचा सगळ्यात आवडता संघ कुठला?" समोरच्याला मुंबईचा रणजी संघ नाहीतर ब्राझील ऐकायचं असतं. मी म्हणते, "आयोवा प्री-फ्लाइट सीहॉक्स, १९४३," आणि विषय तिथेच मिटतो. तुम्ही मात्र "हे कोण आणखी?" असंही विचारलंत, म्हणून सांगते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला हजारोंनी वैमानिक हवे होते. विमानाला हात लावण्याआधी पोरांची अंगं कमावून घ्यायची म्हणून नौदलाने विद्यापीठांच्या आवारात 'प्री-फ्लाइट' शाळा काढल्या. त्यातली एक आयोवा सिटीत, १९४२ साली. पुढे यानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जॉन ग्लेन याच शाळेतून गेला. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात तो, ही युद्धाचीच तालीम आहे असं नौदलाचं मत. त्यामुळे तळाचा स्वतःचा संघ उभा राहिला आणि थेट विद्यापीठांशी भिडू लागला. शिकाऊ कॅडेट, शिकवणारे अधिकारी, कालपर्यंत पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक, सगळे एकाच संघात. हुकूम आला की उद्याचा सामना सोडून निघायचं. असा संघ फक्त तीन हंगाम टिकला.

१९४३ चे प्रशिक्षक डॉन फॉरो, मूळचे मिसूरी विद्यापीठाचे. त्यांनी 'स्प्लिट-टी' नावाचा डाव बसवला होता. पुढच्या फळीतल्या गड्यांमध्ये ऐसपैस अंतर ठेवायचं. क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याने, चेंडू घेऊन फळीच्या मागून आडवं धावायचं आणि समोरचा बचावपटू अंगावर आला की मागच्याकडे चेंडू टाकायचा, नाही आला तर स्वतःच घुसायचं. बचावपटूने काहीही केलं तरी चूकच ठरावी, अशी योजना. जिम टेटम आणि बड विल्किन्सन हे फॉरोंचे दोन सहायक हे सगळं शेजारी उभं राहून शिकत होते. ही नावं लक्षात ठेवा.

संघाने इलिनॉय, ओहायो स्टेट यांना हरवलं. ज्यांच्या आवारात राहत होते त्या आयोवा विद्यापीठाला २५-० असं लोळवलं. यजमानांची एवढीही भीड ठेवली नाही. फॉरोंनी आपल्या मिसूरीलाही सोडलं नाही.

मग २० नोव्हेंबर. क्रमवारीत पहिलं नोटर डेम विद्यापीठ, दुसरे सीहॉक्स. युद्धाने नोटर डेमचाही घास घेतला होता: त्या वर्षीचा हाइझमन, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मिळवणारा अँजेलो बर्टेली सहा सामने खेळून मरीन्समध्ये गेला, त्याच्या जागी १८ वर्षांचा जॉनी ल्युजॅक. दोन्ही संघांचे दोन-दोन टचडाऊन झाले. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन; त्याचे सहा गुण, त्यानंतर किक मारून एक. सीहॉक्सची एक किक हुकली. १४-१३.

पुढच्याच आठवड्यात ग्रेट लेक्स या दुसऱ्या नौदल तळाने नोटर डेमला अगदी शेवटच्या क्षणी १९-१४ असं पाडलं. आता दोघांच्या खात्यात नऊ विजय, एक पराभव. तरी राष्ट्रीय विजेतेपद मतांवर ठरायचं, ते नोटर डेमलाच गेलं आणि सीहॉक्स दुसरे राहिले. मला विचाराल तर एकमेकांशी खेळले त्यात नोटर डेम जिंकलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण ती किक!

युद्धामुळे माणसं भलत्याच संघात जाऊन पडतात, हे आपल्याकडेही घडलं. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन १९४५ चा रणजी अंतिम सामना होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ काढूनही हरला. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

त्या दोन सहायकांचं राहिलं. युद्ध संपल्यावर फॉरो मिसूरीला परतले आणि टेटम, मागोमाग विल्किन्सन, ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ती अशी: फॉरोंना १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ओक्लाहोमाला एकदाही हरवता आलं नाही. विल्किन्सनच्या पोरांनी तर सलग ४७ सामने जिंकले. ती मालिका १९५७ साली तुटली, ७-० अशी.

तोडली कोणी? नोटर डेमने.