परसातला गुरू

काल अखेर मुहूर्त लागला. १३० मिमी आरशाची परावर्तक दुर्बीण, ६५० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर). खोकं गुरुवारीच आलं होतं, पण तीन दिवस ढग. (नवी दुर्बीण घेतली की ढग येतातच म्हणे.)

दुपारी शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर रोखून फाइंडर (नेम धरायचं छोटं साधन) जुळवला. टाकीवरची अक्षरं उलटी दिसली, तेव्हा आई म्हणाली, "बिघडलेली दिली की काय रे तुला?" आरशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं, हे तिला अजून पटलेलं नाही.

रात्री साडेआठला पहिली फजिती. गुरू मिळाला, पण कसला मिणमिणता! दहा मिनिटं आरशाला नावं ठेवली. मग लक्षात आलं, पुढच्या झाकणातलं फक्त छोटं बूच काढलंय, अख्खं झाकण तसंच!

झाकण काढलं. २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), म्हणजे ६५० भागिले २५, २६ पट मोठं. पांढरी टिकली आणि एका रेषेत चार ठिपके, गुरूचे चंद्र. १६१०मध्ये गॅलिलिओला दिसले तेच. १०ची लावली तर सगळं थरथरायला लागलं. आरसा अजून घरातल्या उबेत होता. अर्ध्या तासाने बाहेरच्या थंडीशी जुळला आणि टिकलीवर दोन करडे पट्टे उमटले. फोनवर फोटो काढायचा प्रयत्न केला. फोटो बघू नका.

मग मृगातल्या बाणाच्या (ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या) जरा दक्षिणेला वळवली. मृगातला तेजोमेघ: राखाडी धुराचा पुंजका, मधे चार बारीक तारे चिकटून. फोटोतला गुलाबी रंग औषधालाही नाही.

आई शाल घेऊन आली, डोळा लावला, बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सरकतोय रे हा."


नळीवर दव साचलं तेव्हा आवरलं.