येळवस: पोटऱ्यातल्या ज्वारीचे डोहाळे

पुण्याहून रात्री निघालो आणि टेंभुर्णी, बार्शी, मुरूड करत पहाटे लातूरला उतरलो. गाडीत मधल्या वाटेतसुद्धा माणसं बसली होती आणि सगळी एकाच कामाला निघालेली, येळवशीला. तारीख ३० डिसेंबर २०२४, सोमवार, मार्गशीर्ष अमावस्या. लग्नाला सात वर्षं झाली, पण दरवेळी रजेचं काहीतरी आडवं यायचं. यंदा ठरवूनच निघाले.

मी रत्नागिरीकडची. अमावस्येला शुभकामं टाळायची, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. लातूर-धाराशिवकडे मात्र मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या, बोलण्यातली येळवस, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. दुपारी लातूरच्या बाजारात चिटपाखरू नसतं, कारण अख्खं शहर कुणाच्या ना कुणाच्या शिवारात जेवायला बसलेलं असतं.

औशाच्या पुढे आमचं गाव. घरी पोचलो तर चुली रात्रभर थंडच झाल्या नव्हत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या भज्जी ढवळत होत्या. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर. त्या दिवसांत शिवारात जे हिरवं असेल ते सगळं एका पातेल्यात. त्याला चिंच, बेसन आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. डाव उभा राहील इतकी घट्ट. तिच्याबरोबर खायला वाफवलेले बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, आंबट भात, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि नव्या मडक्यात आंबील: ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी ताकात आंबवून शिजवलेलं, वर लसूण-जिऱ्याचं वाटण. ते मडकं मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डोक्यावर घोंगडीची चुंबळ करून घेतलं आणि अनवाणी निघाले. बाकी सामान ट्रॅक्टरमध्ये.

शेतात कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्यांना बांधून कोप उभी केली होती, वर हिरवी शाल. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. अलीकडे सोयाबीनने खरीप व्यापलंय आणि रब्बीतली ज्वारीही कमी झाली. कोपीसाठी कडबा शेजाऱ्याकडून आणावा लागला, हे मामांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या जिवाला ते लागलं होतं.

पूजा झाली आणि मामा आंबील शिंपडत पिकाच्या कडेने निघाले. मागून पोरं ओरडत होती, “ओलगे ओलगे सालम पलगे!” शब्द कानडी वळणाचे. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे याच दिवसाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. भाषा बदलते, शिवारातलं जेवण तेच.

आत्याबाईंनी मला ज्वारीच्या ताटाजवळ नेलं. कणीस अजून बाहेर पडलं नव्हतं. वरच्या पानाच्या आवरणात एक फुगवटा होता. “दाब हळूच. पोटऱ्यात आलीय बग. आता तिला डोहाळं लागल्यात. म्हणून आंबट-तिखट आधी तिला, मग आपल्याला.” पोटरी हा शब्द मी शंभरदा ऐकला असेन. बोटाखाली तो कोवळा, भरीव गोळा लागला तेव्हा तो मला पहिल्यांदा कळला.

पंगत तीन वाजेपर्यंत चालली. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक, “या की, आंबील तरी प्या!” ज्यांना जमीन नाही त्यांना तर आदल्या दिवशीच आवतण गेलेलं. मी आमच्याकडे जेवले, शेजारच्या दोन कोपींत जेवले, आणि प्रत्येक भज्जीची चव वेगळी होती. आत्याबाई मधेच २०१५ सालाबद्दल बोलल्या. रब्बी पेरलीच नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हेच दुष्काळाचं वर्ष. “भाज्या बाजारातून आणल्या. काळ्या रानात कोप केली. रानाला उपाशी कसं ठिवायचं?”

दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवली. याला हेंडगा म्हणतात. दीर तो उंच धरून गव्हाच्या कडेने पळत सुटले, पोरं मागे. आजूबाजूच्या शिवारांतही तसेच जाळ पळताना दिसत होते. आत्याबाई भांडी आवरत होत्या. मी पुन्हा ज्वारीत शिरले, अंधारात चाचपत एक पोटरी शोधली आणि उरलेली वाटीभर आंबील तिच्या बुडाशी ओतली.