फॉर्म त्यानं वाचला

जुलैतला दिवस. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं, चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका सरकारी मराठी शाळेत मी निघाले होते. पावसाळ्यात इकडं छत्री ही फक्त हातात धरायची वस्तू असते, भिजायचं ते भिजायचंच. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फॉर्म होता. त्यावर एका आईची सही घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं खानापूरला परतायचं, एवढंच काम होतं.

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात विशेष शिक्षिका आहे. दिव्यांग मुलं ज्या ज्या शाळेत आहेत तिथं फिरते, शिक्षकांना मदत करते, जी मुलं शाळेत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जाते. ही 'घरी जाणं' फार गोड वाटणारी गोष्ट आहे. प्रत्यक्षात आठवड्यातून एक तास, आणि ओढ्याला पाणी आलं की तोही नाही.

मुलाला इथं बाळू म्हणते. वय सात, दुसरीत. ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, मला तो शब्द पटत नाही. बाळू स्वतःत मग्न वगैरे काही नव्हता. उलट बाहेरचं सगळं त्याच्यावर जरा जास्तच आदळत होतं. पण हे मला त्या दिवशी दुपारी कळलं. सकाळी माझ्या लेखी तो 'न बोलणारा, पळून जाणारा मुलगा' होता.

पळणं खरं होतं. शाळेसमोरून गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या सुसाट जातात. दोन शिक्षक, पाच वर्ग. हेडमास्तरांनी एक वही ठेवली होती, तारीखवार. '११.२० ला फाटकाबाहेर.' '११.३० ला पळाला, पाचवीच्या पोरांनी धरून आणला.' एकदा लॉरी हातभर अंतरावर थांबली होती. गुरुजी वाईट माणूस नव्हे. रात्री झोप येत नाही म्हणाले. "बाई, काही झालं तर मी काय तोंड दाखवू?" म्हणून गृहाधारित शिक्षणाचा प्रस्ताव. त्यांनी मागितला आणि मी भरला. वही मी दोनदा वाचली होती, हेही सांगून टाकते.

आई अकराच्या आधीच येऊन व्हरांड्यात बसली होती. पदरानं पोराचं डोकं पुसत होती. मी शेजारी बसले, इकडचं तिकडचं विचारलं, आणि बोलता बोलता ती एक गोष्ट सांगून गेली. बाळू तीन वर्षांचा असताना शहरात कुणाला तरी दाखवला होता. तिथं सांगितलं, या पोराला दोन भाषा झेपायच्या नाहीत. शाळेत पुढं कन्नड लागणार, इंग्लिश लागणार, तर घरातलं मराठी बंद करा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय बाई. मला कन्नड येत न्हाई, इंग्लिश येत न्हाई. मी गप्पच ऱ्हायले की. आठ म्हैने बोललेच न्हाई त्याच्याशी."

हे असं अजूनही सांगतात. दोन भाषांमुळं ऑटिझम होत नाही, वाढत नाही, आणि दोन भाषा कानावर पडणारी ऑटिस्टिक मुलं त्यापायी मागं पडत नाहीत, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. पण सांगणाऱ्याचं काय जातं? आठ महिने गप्प बसायचं ते आईनं.

(सीमाप्रश्नावर मी बोलत नाही. पगार कर्नाटक सरकारचा आणि पोरं माझी मराठी. दोन्हीकडून बोलणी खायची सवय आहे.)

गुरुजी आले. मी फॉर्म काढला. छापील, कन्नडमधला. मी कन्नड वाचते, लिहिते, पण आईला तो अक्षरांचा नुसता गोल गोल डाव. तरी मी काय केलं? मजकूर सांगितलाच नाही. "बाळूला घरी येऊन शिकवायची सोय होईल, इथं सही करा," एवढंच म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण शाळा सुटणार, हे मी त्यात बोलले नाही. तिनं पेन हातात घेतलं.

बाळू तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत नव्हता, तिच्याकडं नाही, गुरुजींकडं नाही. कागदाकडं बघत होता. आणि एकदम, बसस्टँडवर कंडक्टर गावं पुकारतो तशा सपाट आवाजात, न थांबता:

"गृहाधारित शिक्षण. पालकर ओप्पिगे पत्र. नन्न मगुविगे मनेयल्लिये शिक्षण..."

पावसाचा आवाज तेवढा राहिला. गुरुजींनी चष्मा काढला.

काही ऑटिस्टिक मुलांना अर्थाच्या फार आधी अक्षरं येतात, हे मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंही आहे. वर्गात कन्नड मुळाक्षरांचा तक्ता होता आणि रस्त्यावरून दिवसभर बसगाड्या जात होत्या, पाट्या मिरवत. पोरगं त्यावर वाचायला शिकलं होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. त्याला त्यातलं काय कळत होतं? बहुधा काही नाही. पण आईला कळलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. गृह, शिक्षण, पालक, पत्र हे शब्द तर मराठीच. आणि 'मने' म्हणजे घर, हे आमच्याकडं बाजाराला जाणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

तिनं पेन खाली ठेवलं. "घरातच शिक्षण असं लिवलंय काय बाई? म्हणजे साळा बंद?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"साळेतनं पळतोय म्हणून न्हवं? घरात कुठं पळतोय तो? मी कुकर लावतच न्हाई. भात पातेल्यात करते."

कुकर?

"शिट्टी झाली की जीव घिऊन पळतोय की. ल्हानपनापास्नं."

गुरुजी आणि मी एकमेकांकडं बघितलं. दुसरीचा वर्ग आणि बिसीऊटचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत, वर उघडी खिडकी. डाळीचा कुकर अकरा-सव्वाअकराला चढतो. गुरुजी वही घेऊन आले, पानं उलटायला लागले. ११.२०. ११.३०. ११.२५. एका बुधवारी नोंद नव्हती. स्वयंपाकाच्या ताईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, त्या दिवशी सिलिंडर संपला होता, मागं चूल मांडून उघड्या भांड्यात शिजवलं. गुरुजी वही मिटून बराच वेळ तशीच हातात धरून बसले.

मग मी आईला ते सगळं सांगितलं जे पेन देण्याआधी सांगायला हवं होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम नावानिशी आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात तो नव्हताच. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क, आणि कुठली ते निवडायचं तुम्ही. घरी शिकण्याची तरतूद शिक्षणहक्क कायद्यात २०१२ ला आली, पण तीव्र किंवा एकाहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी, आणि तीही मागितली तर. शाळेला जड जातंय म्हणून घरी पाठवायला नव्हे.

दाखल्यासाठी बेळगावला जायचं होतं. तिथं चाळीस मुद्द्यांवर मूल तपासतात. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण, बेरीज सत्तर किंवा जास्त झाली की ऑटिझम धरतात. पालकांना बरंच विचारतात.

"मला मराठीत इचारतील न्हवं?" तिनं विचारलं.

"मी येते बरोबर," म्हटलं. दुसरं काही ठामपणे सांगण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. बाळूची जागा पलीकडच्या टोकाच्या खोलीत, चौथीच्या पोरांत केली. कुकर चढवला की ताई एका मुलीच्या हाती लाल पुठ्ठा पाठवतात. तो बघितला की बाळू कान झाकून कोपऱ्यात बसतो, शिट्ट्या संपेपर्यंत. तरीही त्या महिन्यात दोनदा पळाला. एकदा कुकरमुळं, एकदा कशामुळं ते अजून कुणाला कळलेलं नाही. माझ्या वरच्यांनी फॉर्म परत का आला म्हणून विचारलं. 'पालकांची संमती नाही' असं लिहिलं. त्या कागदावर तेवढीच ओळ खरी आहे.

त्या दुपारी मात्र मला गाडी धरायची होती. मायलेक स्टॉपवर सोडायला आले. धुकं एवढं की समोरचं आंब्याचं झाड दिसेना. या रस्त्यानं बेळगावचीही गाडी येते आणि खानापूरचीही. चुकीची धरली की अंधार पडतो. वळणावर दिवे दिसले. माझा चष्मा पावसानं भरलेला, पाटी काही वाचता येईना.

"कुठली हो?" मी आईला विचारलं.

तिनं गाडीकडं बघितलंच नाही. बाळूकडं वाकली. "बाळू, कुठली रं गाडी?"

"बेळगावि," तो म्हणाला.

मी वर केलेला हात खाली घेतला.