आमची वाटचाल: वस्तरा, दगड आणि हजार नंबर

वडिलांनी पुण्यात बोहरी आळीच्या मागे धार लावायचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं: शिंपी, खाटीक आणि सलूनवाले. कात्र्या आणि सुरे मोटरच्या चाकावर व्हायचे. वस्तऱ्याला मात्र चाक लावत नाहीत. त्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं असतं, धारेपाशी इतकं पातळ की चाकाच्या गरमीनं पोलादाचं पाणीच उतरतं. म्हणून वस्तरे दगडावर, हातानं. सलूनं सोमवारी बंद असल्यामुळे आमच्याकडे सोमवारी रांग लागायची. आमची सुट्टी गुरुवारी असते ती तेव्हापासूनच. गुरुवारी तसेही दुरुस्तीच्या नावाखाली लाइट जायचे.

नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि सलूनमध्ये अर्धं ब्लेड बसवायचे वस्तरे आले. दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं चांगलंच झालं, आमचा सोमवार मात्र ओस पडला. धोकट्यांमधले जुने वस्तरे भंगारात नाहीतर जुन्या बाजारात गेले. वडिलांनी दगड माळ्यावर टाकले आणि पुढची कित्येक वर्षं दुकान कात्र्यांवर चाललं.

ते दगड खाली आले ते सलूनवाल्यांमुळे नव्हे. कंपनीत नोकरी करणारी तरुण मंडळी आजोबांचा वस्तरा घेऊन यायला लागली. कुणाचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा, कुणाचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा, हस्तिदंती दिसणारी पण बहुतेक वेळा सेल्युलॉइडची मूठ. वस्तऱ्याबरोबर नेटवरून मागवलेला महागडा, अतिबारीक दगडही असायचा, आणि तक्रार एकच: “तासभर घासला, तरी दाढी ओढते.”

ओढणारच. बारीक दगड धार करत नाही, झालेली धार गुळगुळीत करतो. हे समजावता समजावता आम्ही धार लावणारे होतो ते दगड विकणारे झालो. आजही नव्या माणसाला आम्ही आधी हजार नंबरचाच दगड देतो. तो 12000 मागत असला तरी. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक.

काउंटरवर दाखवतो ते असं. धारेच्या उतारावर काळं मार्कर पेन फिरवायचं. मग 1000 नंबरच्या ओल्या दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, जोर न देता चार हात मारायचे आणि भिंगाखाली बघायचं. शाई जिथे उरली तिथे दगड पोचलेलाच नाही. जुन्या वस्तऱ्यात ती हमखास टोकाला नाहीतर टाचेला, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या भागाला, उरते, कारण पातं किंचित पिळलेलं असतं. अशा वेळी सरळ न ओढता तिरकं ओढायचं: सुरुवात टाचेपासून, शेवट टोकाशी. कोनाची चिंता करायची नाही. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीच्या जाडीनं आधीच ठरलेला असतो, मनगटानं सांभाळावा लागत नाही. शाई सगळीकडून गेली आणि मनगटावरचे केस टोकापासून टाचेपर्यंत सारखे उडाले, की मगच पुढचा दगड. निम्म्या लोकांना इथेच कंटाळा येतो.

पुढचा टप्पा त्यामानानं सोपा. नॉर्टन या अमेरिकन कंपनीचा एका बाजूला 4000 आणि दुसऱ्या बाजूला 8000 असलेला दगड आम्ही पहिल्यांदा आणला आणि अजून तोच सर्वांत जास्त सांगतो. एक लक्षात ठेवायचं: अमेरिकन 8000 आणि जपानी 8000 सारखे बारीक नसतात, जपानी बराच बारीक. त्यामुळे दोन कंपन्यांचे दगड नुसता आकडा बघून एका मालिकेत बसवू नयेत. हार्डवेअरवाल्याकडचा दुतोंडी कार्बोरंडमचा दगड विळी-कोयत्याला उत्तम, वस्तऱ्याला नको.

शेवटच्या दगडावर मात्र लोक भांडतात. बेल्जियमच्या आर्डेन प्रदेशातला कोटिक्यूल नावाचा पिवळट नैसर्गिक दगड आमच्याकडे थोडा असतो. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात, आणि खाणीतला थर पातळ म्हणून तो बहुधा पाटीच्या दगडावर चिकटवलेला मिळतो. त्याच दगडाच्या लहान तुकड्यानं घासून दुधासारखं पाणी काढायचं, त्यावर वस्तरा चालवायचा आणि थेंब थेंब पाणी वाढवत ते विरळ करत न्यायचं. ज्याला यात रमायचंय त्यानं जरूर घ्यावा. सकाळी आठची गाडी पकडायची असेल, तर नानिवा या जपानी कंपनीचा 12000 घ्या आणि मोकळे व्हा. क्योटोकडचे नैसर्गिक जपानी दगड आम्ही ठेवत नाही. तिथल्या बहुतेक खाणी बंद झाल्यात, आणि जुन्या खाणीचा शिक्का मारून भलताच दगड विकला जातो. ज्याची खात्री आम्हाला नाही, तो तुम्हाला कसा देणार?

दगडाबरोबर जाड काचेचा तुकडा आणि वॉटर पेपर आम्ही आग्रहानं देतो. दगडावर पेन्सिलनं चौकटी आखायच्या, काचेवरच्या ओल्या पेपरवर घासायचं, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. नवा दगडही सपाट असतो असं धरून चालू नये.

वस्तरे आम्ही सगळेच घेत नाही. धारेवरच गंजाचे खड्डे असले तर तसं सांगून परत देतो. पाठ आधीच घासून चपटी झाली असेल तर तिच्यावर इलेक्ट्रिकची टेप लावून काम करतो आणि टेप झिजली की बदलतो.

एकदा धार आली की रोजचं काम चामड्याच्या पट्ट्याचं. इथे उलटं: पाठ पुढे, धार मागे, वळवायचं ते पाठीवरून. दाढीआधी पन्नासेक फेऱ्या पुरतात. वडील पट्टा न घेता तळहातावरच मारायचे. गिऱ्हाइकांनी ते करू नये. पट्टा नीट वापरणारा माणूस आमच्याकडे महिनोन्महिने फिरकत नाही, धंद्याच्या हिशोबानं हे काही बरं नाही.

ती तूट आता हॉटेलांचे शेफ भरून काढतात. जपानी सुऱ्या घेऊन येतात आणि तेच 1000, 4000 मागतात. सुरीचे दगड आणि वस्तऱ्याचे दगड आम्ही वेगळ्या फळ्यांवर ठेवतो. सुरी दगडाचा मधला भाग खाते, आणि मध्ये खोलगट झालेल्या दगडावर वस्तऱ्याची धार नीट टेकत नाही. वस्तऱ्याच्या दगडांना कडेला लाल रंगाचा ठिपका आहे. नव्या पोराला पहिल्या दिवशी तोच दाखवतो.