गार्नेटमधला कोएसाइट ओळखताना

एक्लोगाइट या गार्नेटयुक्त खडकाच्या पातळ छेदांत (प्रकाश आरपार जाईल इतक्या बारीक कापांत) सूक्ष्मदर्शकाखाली कोएसाइट, म्हणजे अति दाबाखाली बनणारे सिलिकाचे रूप, शोधायला बसलो आणि पहिले दोन दिवस चुकीच्या प्रकाशात घालवले. काटकोनी ध्रुवकांखाली (कापाच्या वर-खाली एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवण-गाळण्यांमधून) समदिक, म्हणजे सर्व दिशांनी प्रकाशाशी सारखेच वागणारे, गार्नेट पूर्ण काळे पडते व त्यातले समावेश (आत अडकलेले इतर खनिजांचे कण) उठून दिसतात, म्हणून मी तसेच पाहत राहिलो आणि प्रत्येक करडा कण क्वार्ट्झ समजून सोडून दिला.

एका समावेशाभोवती गार्नेटमध्ये चहूबाजूंना भेगा फुटलेल्या दिसल्या, तेव्हा थांबलो. 1984 साली भूवैज्ञानिक क्रिस्तियाँ शोपँ यांनी पश्चिम आल्प्समधील डोरा मैरा येथील गार्नेटात वर्णिलेली खूण हीच. कोएसाइटची घनता 2.92, क्वार्ट्झची 2.65, दाब उतरल्यावर एकाचे दुसऱ्यात रूपांतर होताना घनफळ सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि भोवतालचे गार्नेट तडकते. मात्र कोएसाइट पूर्ण नाहीसा झाला तरी भेगा तशाच राहतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटले.

मग विश्लेषक (वरचा ध्रुवक) बाहेर काढला, कंडेन्सरचा पडदा आवळला आणि समावेशाच्या आतच पाहिले. तुलना गार्नेटशी करून उपयोग नसतो, कारण त्याचा अपवर्तनांक 1.7 च्या पुढे असतो आणि त्याच्यासमोर दोन्ही सिलिका खनिजे खालचीच ठरतात; कोएसाइट (सुमारे 1.59) आणि त्याला वेढणारा क्वार्ट्झ (सुमारे 1.55) यांच्यातली कड पाहावी लागते. मंच खाली नेताच बेके रेषा (कडेची उजळ रेघ, जी तेव्हा जास्त अपवर्तनांकाच्या बाजूला सरकते) मधल्या कणात सरकली. पुन्हा ध्रुवक काटकोनात आणल्यावर त्याचा करडा रंग क्वार्ट्झपेक्षा गडद दिसला, आणि कडेने क्वार्ट्झच्या बारीक काड्या कुंपणासारख्या उभ्या होत्या.

तरीही ॲपेटाइट या फॉस्फेट खनिजाची शंका छळत होती, कारण त्याचाही उठाव (कडांचा ठळकपणा) क्वार्ट्झपेक्षा जास्त आणि रंग करडाच. ॲपेटाइट एकाक्षी (एकच प्रकाशीय अक्ष असलेला), कोएसाइट द्विअक्षी (दोन असलेला). परंतु चाळीसेक मायक्रॉनच्या कणातून हा फरक दाखवणारी स्पष्ट व्यतिकरण आकृती मिळेना. (तासभर त्यातही गेला.) अखेर रामन वर्णपट (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखण्याची चाचणी) घेतला: 521 प्रति सेंटिमीटरला कोएसाइटचे ठळक शिखर, शेजारी वेष्टणातल्या क्वार्ट्झचे 464 ला, आणि ॲपेटाइटचे शिखर जिथे हवे त्या 960 च्या आसपास काहीच नाही.

त्यानंतर बाजूला ठेवलेले सगळे छेद साध्या ध्रुवित प्रकाशात (विश्लेषकाशिवाय) पुन्हा तपासले. त्यांतल्या एकात, मी पहिल्याच दिवशी क्वार्ट्झ म्हणून नोंदवलेल्या कणात, असाच गाभा होता.