बॅट लागली होती!

रविवारी सकाळी साडेसातला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला जागा मिळत नाही. फिरायला आलेले, फिरून दमलेले, न फिरताच दमलेले, आणि आम्ही. आम्ही म्हणजे नेट्सला पोरं सोडायला येणारे आणि सोडून घरी न जाणारे आईबाप. पोराएवढी उंच किट बॅग बापाच्या खांद्यावर असते. पाण्याची बाटली, सोललेलं केळं आणि सनस्क्रीन आईकडे. पोरगा पुढे मोकळ्या हातांनी चालतो, एखाद्या राज्यमंत्र्यासारखा.

मीही त्यातलाच. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या किटवर आजवर 18,000 रुपये गेले आणि या मोसमातला त्याचा सर्वोच्च स्कोअर 18 आहे. हा हिशेब बायकोने मांडला. मी असले हिशेब मांडत नाही.

गेल्या महिन्यात त्यांची आपापसातली मॅच होती. अंपायर म्हणून सरांच्या हाताखालचा, मिसरूड नुकतंच फुटलेला एक पोरगा उभा होता. आमचे चिरंजीव चार रनांवर खेळत होते. चेंडू आत आला, पॅडवर थाडकन बसला, लाल मातीचा धुरळा उडाला, अपील झालं आणि बोट वर गेलं. तेवढ्यात कट्ट्यावरून कुणीतरी बोंबललं, "अहो, बॅट लागली होती!"

आवाज चांगलाच मोठा होता. 2010 साली उच्च न्यायालयाने हे मैदान शांतता क्षेत्र ठरवलं होतं, ते कशासाठी याचा मला तेव्हा उलगडा झाला. कारण आजूबाजूचे सगळे वळून माझ्याकडेच बघत होते.

मुलगा बॅट काखेत मारून निमूट बाहेर आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतताना टॅक्सीत, बऱ्याच वेळाने, खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "बाबा, लागली नव्हती."

"काय?"

"बॅट. डायरेक्ट पॅडला लागला. आउटच होतो मी." मग आणखी थोडं थांबून, "आणि तुला कट्ट्यावरून कसं काय दिसलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी टॅक्सी थांबवून त्याला उसाचा रस पाजला.

मी परळच्या चाळीत वाढलो. आमचं क्रिकेट चाळीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चालायचं. बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग. पहिला बॉल ट्राय. वन टप्पा आउट. तळमजल्यावरच्या खोलीत चेंडू गेला तर आउट, आणि आणायलाही आपणच जायचं. अंपायर नेहमी बॅटिंग करणाऱ्या टीमचा, कारण बॉलिंग टीमकडे माणसं उरायचीच नाहीत. त्यामुळे एलबीडब्ल्यू नावाची गोष्ट आमच्याकडे नव्हती. रनआउटवरून जी भांडणं व्हायची, ती सोडवायला वरच्या मजल्यावरच्या काकू लागायच्या. कुणी फारच चिडीला आला तर सगळे मिळून ओरडायचे, रडीचा डाव खडी!

आणि एक असायचा कच्चा लिंबू. चार-पाच वर्षांचं पोर, थोरल्या भावाच्या मागे लोंबकळत आलेलं. त्याला खेळू द्यायचं पण धरायचं नाही. त्याला बॉल हळू टाकायचा, त्याचा दांडा उडाला तरी "नाही रे, ट्राय होता" म्हणायचं. मी दोन वर्षं कच्चा लिंबू होतो. लोकांना वाटतं मजा असेल. अजिबात नाही. तुमच्या रन कुणी मोजत नाही आणि तुमचं बाद होणंही कुणी मनावर घेत नाही. भिंतीवरचा कोळशाचा स्टंप आणि आपण, सारखेच.

मग एक दिवस चाळीतल्या एका दादाने मला बोल्ड केलं आणि म्हणाला, "चल, बॅट दे. आउट." मी बॅट टाकली आणि तीन जिने धावत चढून आईला सांगितलं, "आई, आज मला आउट दिलं!" तिला काही कळलं नाही. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "असू दे, उद्या नाही होणार."

हे सगळं सांगितलं की माणूस आपोआप "आमच्या वेळी" या खड्ड्यात पडतो. तिथे मला पडायचं नाही. आमच्या वेळी बापांना मुलं कितवीत आहेत हे ठाऊक नसायचं, आणि याला आता आम्ही स्वावलंबनाचे संस्कार म्हणतो. तो साधा दुर्लक्षाचा प्रकार होता. मुलं खूप होती आणि खोली एक. मला माझ्या मुलाची शूज साइज माहीत आहे, त्याच्या जिवलग मित्राला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत आहे, याची लाज वाटायचं काही कारण नाही.

पण कुठेतरी हात जास्त पडलाय, हेही खरं. बालवाडीच्या पहिल्याच क्रीडादिनाला लिंबू-चमच्याची शर्यत होती. लिंबू पडलं तर उचलून पुन्हा ठेवायचं आणि पुढे जायचं, असा नियम. शेवटी सगळ्यांना पदकं, आणि पदकावर नुसतं 'छान!'. तिसरीत त्याला किल्ल्याचा प्रकल्प होता. रायगड मी केला आणि बुरूज कोसळला तेव्हा रडू मला आलं. पाचवीत परिसर अभ्यासात अर्धा गुण कमी मिळाला म्हणून मी बाईंना मेसेज पाठवला. अर्धा गुण! बाईंनी तो दिला. मुलाला मी मोठ्या थाटात सांगितलं, तर म्हणाला, "पण उत्तर चुकलं होतं ना?"

परवा कट्ट्यावर एक गृहस्थ भेटले. ते मुलाला दर चौकारामागे पन्नास रुपये देतात, जीपेवर, जागच्या जागी. मला सचिनचे कोच आचरेकर सर यांचं नाणं आठवलं. याच मैदानात सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. बॉलरने आउट काढलं तर नाणं बॉलरचं, शेवटपर्यंत टिकलास तर तुझं. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. नाण्याचं काम असं की ते दोघांच्या मध्ये असतं, आणि कुणालातरी ते मिळणार नसतं. पन्नास रुपये काय, बापाच्या फोनमधून निघतात आणि मुलाच्या फोनमध्ये जातात.

आणखी एक. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं, की गेल्या 29 वर्षांत सरांनी त्याला एकदाही 'वेल प्लेड' म्हटलं नाही. आता खेळायचं काही उरलं नाही, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, असंही वर जोडलं. कट्ट्यावर आम्ही साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान इतके 'वेल प्लेड' खर्च करतो की पोरं ते ऐकेनाशी झालीत. पंखा चालू असला की त्याचा आवाज येत नाही, तसं. अर्थात सरांचं मौन सगळ्या पोरांना झेपलं असेल, असंही मी म्हणणार नाही. नाणी जपून ठेवणारा एक झाला, त्याच्यामागे नाणं न मिळालेले किती, हे कोण मोजणार.

आता राजकारण. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर राजकारण टाळता येत नाही. ते वाऱ्यासारखं समुद्राच्या बाजूने येतंच. शिवसेनेचा पहिला मेळावा 30 ऑक्टोबर 1966 ला याच मैदानात झाला आणि पुढे दसरा म्हटलं की शिवाजी पार्क हे ठरूनच गेलं. माझे वडील, अण्णा, लाल बावट्याचे. तरी एका दसऱ्याला ते मला खांद्यावर घेऊन इथे आले होते. मी विचारलं, "अण्णा, आपण तर यांचे नाही ना?" म्हणाले, "ऐकायला काय जातं? चांगलं बोलतो माणूस." आता दुसऱ्या बाजूचं भाषण खांद्यावर पोर घेऊन ऐकायला जाणारा माणूस मला दाखवा. आम्ही तर दुसऱ्या बाजूचा फॉरवर्ड आला की कुटुंबाचा ग्रुप सोडतो. मी दोनदा सोडला आहे आणि दोनदा आत्याने परत घेतलं आहे.

10 जानेवारी 2024 ला संध्याकाळी मी आणि मुलगा टीव्हीसमोर बसलो होतो. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्ष वाचत होते. मुलगा तेव्हा दहाचा. मी त्याला समजावलं होतं, की एका टीमचे दोन तुकडे झाले, दोन्ही म्हणतात आम्हीच खरे, आणि दोन्ही म्हणतात समोरच्यांना आउट द्या. पक्ष बदलणाऱ्यांना आउट देता यावं म्हणून 1985 साली खास कायदाही केलेला आहे. निकाल बराच वेळ चालला. खरी शिवसेना कुणाची ते सांगून झालं. शेवटी कळलं की या गटाचे आमदार अपात्र नाहीत आणि त्या गटाचेही नाहीत.

"मग आउट कोण?" मुलाने विचारलं.

"कुणीच नाही."

"अंपायर कुठल्या टीमचा होता?"

मी म्हटलं, आमच्या चाळीसारखंच असतं ते, बॅटिंग टीमचा. पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीचा निकाल आला. तिथेही सगळे नॉट आउट. तुम्ही यातल्या कुठल्याही गटाचे असा, माझी तक्रार नाही. तुमचे बरोबर, त्यांचे चूक, मान्य. मला वाईट एवढंच वाटलं, की दोन पक्ष फुटले, सरकार पडलं, सगळ्या महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं, आणि मैदानावरचे सगळेच कच्चे लिंबू निघाले.

खेळाचं राजकारण तर त्याहून जुनं. कट्ट्यावर एक निवृत्त बँकवाले रोज येतात, ते हा विषय निघाला की दोन बोटं वर करतात. एक बोट 2001 चं: वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच घरी हरवणारे कप्तान अजित वाडेकर मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि शरद पवारांकडून हरले. दुसरं बोट 2011 चं: लॉर्ड्सवर तीन शतकं काढणारे वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. "लॉर्ड्सवर तीन!" असं म्हणून ते बोटं खाली घेतात आणि चहाला निघतात. पण मला या गोष्टीत वेगळंच आवडतं. दोघांनाही हरायची सवय होती. बॅट्समनचा धंदाच असा, की कितीही मोठा असला तरी आयुष्यात शेकडो वेळा चालत परत यावं लागतं, तेही लोकांदेखत.

अण्णा साचे खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दत्ता सामंतांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कागदावर तो नॉट आउट आहे. आमच्या चाळीत कितीतरी माणसं वर्षानुवर्षं "संप चालू आहे" म्हणून गॅलरीत बसून राहिली. दीडेक वर्षाने एका रात्री अण्णांनी गिरणीचा पास आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "ठेवून दे. आपण हरलो." दुसऱ्या दिवशी ते हिंदमाताला एका कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला लागले. कापड विणणारा माणूस. चाळीत काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णा कधी ओरडले नाहीत, की बॅट लागली होती.

माझी एकही मॅच त्यांनी पाहिली नाही. एकदा आंतरशालेय सामना खेळून आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किती केलेस?"

"शून्य."

"जेवून घे."

या गोष्टीचा मला वर्षानुवर्षं राग होता. आता नाही, असंही नक्की सांगता येत नाही.

तर, उसाच्या रसानंतरच्या रविवारी मुलाने मला अट घातली: यायचं तर ये, पण पलीकडच्या बाजूला बस. मी बसलो, बँकवाल्यांच्या शेजारी. तिथून मॅच मुंग्यांची दिसते. पण आमचा काही केल्या दिसेना. बॅटिंगला नाही, पॅड बांधून बसलेल्यांतही नाही. मग लक्षात आलं की बॉलरच्या टोकाला, हातात सहा खडे घेऊन, टोपी मागे फिरवून उभा असलेला अंपायर तोच आहे. सरांनी त्याला का उभं केलं होतं, कोण जाणे. मी विचारायला गेलो नाही. हल्ली मी बरंच काही विचारायला जात नाही.

बॅटिंग त्याच्याच टीमची होती. स्ट्राइकला त्याचा जिवलग मित्र, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीवाला. दोघे शाळेत एका बाकावर बसतात. चेंडू पडला, आत आला, पॅडवर बसला. आवाज आमच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला. सगळी पोरं त्याच्याकडे वळून ओरडली. तो बराच वेळ तसाच उभा होता. मग ते बोट वर गेलं, हळू, कोपरातून, पण गेलं.

माझ्या डावीकडचे एक गृहस्थ ताडकन उठले. पन्नास रुपयेवाले. "अहो, बॅट लागली होती! चक्क बॅट!"

मी त्यांचा सदरा धरून खाली ओढला.

"बसा हो," म्हटलं, "अंपायर आपलाच आहे."