दोन रकान्यांची वही

माझी भाची कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीजवळच्या खेड्यातली. पहिली ते दहावी गावाकडच्या मराठी शाळेत शिकली. एसएसएलसीला, म्हणजे इकडच्या दहावीच्या बोर्डाला, 625 पैकी साडेपाचशेच्या वर गुण पडले, मराठीत तर 125 पैकी 121. भावाने तिला बेळगावला माझ्याकडे ठेवून पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला घातलं. तिथे सगळं इंग्रजीतून. पंधरा दिवसांत पोरगी एकदम गप्प झाली. एका रात्री जेवता जेवता म्हणाली, "आत्या, सर काय सांगूलालेत, काय कळंनाच झालंय मला."

मी गावाहून तिची दहावीची पुस्तकं मागवली. वक्रीभवन विचारलं, तर आकृती काढून सांगितलं. त्यालाच रिफ्रॅक्शन म्हणतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. म्हणजे वर्गात सर शिकवायचे ते निम्मं तिला आधीच येत होतं, आणि ती मात्र आपण ढ आहोत असं समजून बसली होती. याचं मला फार वाईट वाटलं.

मग दोनशे पानी वही घेतली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. त्वरण, अ‍ॅक्सिलरेशन. संवेग, मोमेंटम. मूलद्रव्य, एलिमेंट. रोज रात्री दहा शब्द, जास्त नाही. शब्द लिहून झाला की त्याची व्याख्या आधी मराठीत सांगायची, मग इंग्रजीत मोडकीतोडकी का होईना, पण मोठ्याने. मी कॉमर्सची. मला केमिस्ट्री शिकवता येत नाही. मी फक्त समोर बसून ऐकायचे. दसऱ्याच्या सुमारास तिने वर्गात पहिला प्रश्न विचारला. घरी आल्यावर चप्पल न काढताच मला ते सांगितलं.

दुसऱ्या वर्षी सीईटीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. दर विषयाला 60 प्रश्न, 80 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लास लावला नाही. जुने पेपर आणले आणि रविवारी सकाळी घड्याळ लावून सोडवायला बसवलं. सुरुवातीला तिचे पंधरा-वीस प्रश्न राहायचे, कारण इंग्रजी प्रश्न ती मनात मराठी करून घ्यायची. तो वेळ हळूहळूच कमी झाला. त्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे गुणही निम्मे धरतात, म्हणून बोर्डाचा अभ्यास मी सुटू दिला नाही.

खरी दमछाक झाली ती कागदांनी. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांना सीईटीच्या प्रवेशात 15 टक्के राखीव जागा असतात. त्यासाठी शाळेचा अभ्यास दाखला हवा, आणि त्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही. भाचीची शाळा दोन, प्राथमिक वेगळी, हायस्कूल वेगळं. एका दाखल्यावर सातवीचं वर्ष चुकलं होतं. पुन्हा गावी, पुन्हा खानापूर. पावसाचे दिवस, मुख्याध्यापक रजेवर. त्यात जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं निघालं, म्हणून नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीत, नव्याने अर्ज. तिथे सगळं कन्नडमध्ये. मला वाचता येतं म्हणून निभावलं. माझा भाऊ एकटा असता तर नुसता रांगेत उभा राहिला असता.

महाराष्ट्राचा रस्ताही आम्ही मोकळा ठेवला होता. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रवर्ग आहे. गाव सीमाभागात असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा, असे दोन लागतात. पण त्यांची सीईटी वेगळी, फॉर्म वेगळा, हे आधीच धरून चालावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना हे निकालानंतर कळतं, तेव्हा तारीख गेलेली असते.

भाचीला बेळगावातच इलेक्ट्रॉनिक्सला सीट मिळाली. तिचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे. वही गेल्या महिन्यात तो घेऊन गेला. निकाल लागला की त्याच आठवड्यात दोन्ही शाळांचे दाखले काढायचे, हे मी आतल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलंय.